ताणा

धंतोलीत दर तिसरं घर बाळंतपणाचं
आणि दर दुसरं दुकान औषधाचं.
आमच्या काउंटरवर, काचेखाली डाव्या हाताला
पोटाला लावायच्या ट्यूब मांडल्या आहेत :
साडेतीनशे, सातशे ऐंशी,
आणि एक चौदाशेची, जिच्या डब्यावरच्या बाईला
नववा महिना असूनही घाम आलेला नाही.

मी सातव्यात आहे. मला येतो.
बाहेर नवतपा, पारा शेहेचाळीसवर.
गोन्नाडे साहेबांनी मला बसायला स्टूल दिलं
आणि पंखा जरासा माझ्याकडे वळवला,
तोंडाने काही न बोलता.

गिऱ्हाइकं आधी माझं पोट बघतात, मग ट्यूब मागतात.
तुम्ही कोणती लावता?
मी सातशे ऐंशीवर बोट ठेवते.
हे खोटं आहे.
मी जवसाचं तेल लावते,
आईने उमरेडहून एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेलं,
पाण्याच्या बाटलीत, बुचाला पिशवी गुंडाळून.
रात्री चादरीला चटणीचा वास सुटतो.
भूपेश म्हणतो, आज भाकरी नाही का सोबत?
आणि कूलरच्या टाकीत पाणी ओतायला उठतो.

तेलासोबत आईचं शास्त्रही आलं आहे.
'नख लावू नको. खाजलं तं ओला पंचा ठेव वरून.
माह्या बाच्या मागावर उन्हाळ्यात ताणा कोरडा पडला
का टपटप तुटे.
मंग तो खड्ड्यात पाणी शिंपडे,
ओल धरून ठेवे.
कातडं म्हंजे तरी का वो, सूतच.'

धाबेकर मॅडमना मी विचारलं, तेल की ट्यूब?
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
'आवडेल ते लाव, खाज कमी होईल.
वजन एकदम वाढू देऊ नको.
बाकी बरंचसं रक्तातलं असतं गं. आईला आहेत का?'

मला माहीत नव्हतं.
अठ्ठावीस वर्षांत आईचे पाय चेपले,
केस विंचरले, पाठीला साबण लावला,
पोळलेल्या बोटाला टूथपेस्ट फासली.
पोट पाहिलं नव्हतं.
ते नेहमी निऱ्यांच्या मागे.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर फोन लावला.
'आहेत ना. चांगले बोट बोट लांब. चांदीवानी.'
म्हणजे माझ्यामुळे, मी म्हटलं.
तिकडे कुकरची एक शिट्टी झाली.
'नाही. तू झाली तवा एकही नवा आला नाही.
ते तुह्या आंधीचे.'

माझ्या आधी कोणी होतं
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.
'पोरगा होता. सव्वा दिवस.'
दुसरी शिट्टी.
'तवा तेल कोणी देलं नाही मले.'
आणि मग लगेच, 'तुहं संपलं का?
परवा शेंडेभाऊची गाडी येऊन राह्यली तिकडे.'

सहा वाजता एक मुलगी आली, तिसरा-चौथा महिना असेल,
ओढणीने तोंड बांधलेलं, फक्त डोळे.
चौदाशेचा डबा उलटा-सुलटा करत म्हणाली,
रेषा येणारच नाहीत ना?
डब्यावर तर तसंच छापलं होतं.
'खाज कमी होते,' मी म्हटलं. 'एवढं नक्की.'
गोन्नाडे साहेबांनी बिलाच्या वहीतून वर पाहिलं.
तिने साडेतीनशेची नेली.

रात्री भूपेशला मोबाईलचा टॉर्च धरायला लावला.
माझं पोटच आड येतं, खालचं मला दिसत नाही.
'आहे एक,' तो म्हणाला. 'बेंबीखाली. जांभळी.'
बोटभर?
'नाही गं. नखभर.'

आईला सांगायचं की नाही, ते ठरलेलं नाही.
तेल मात्र रोजच्यासारखंच घेतलं,
तळव्यावर गरम करून, गोल गोल,
आणि तो टाकीकडे वळल्यावर
जरासं खाजवूनही घेतलं.