लॉगबुक, कुरखेडा

सोमवारी नागपुरात वार्षिक आढावा.
आज शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा.
मच्छरदाणीच्या आत मांडीवर लॉगबुक,
तीन महिन्यांचं एका रात्रीत लिहायला बसले आहे.
ठवकर मॅडमनी येतानाच बजावलं होतं,
"रोजचं रोज लिही गं, मागाहून काही आठवत नाही."

आठवतं, मॅडम.
नंबर रजिस्टरातून उतरवून घेतले, नावंही,
पण ती वाचून कुणी डोळ्यांसमोर येत नाही.
येतात त्या पाठी.
आम्ही भूलवाले माणसाला मागून ओळखतो.
ही लहानपणी पोट दुखायचं म्हणून डागलेली,
ही रोवणीच्या दिवसांतली, मानेपर्यंत काळवंडलेली, खाली गोरी,
ही सिकलसेलची, जिचे मणके
हात न लावताही मोजता यायचे,
आणि एक हसणारी. स्पिरिट गार लागलं म्हणून
सुई हातात धरून मी थांबले होते,
तिचं हसू संपेपर्यंत.

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगायचे,
"पाठीची कमान करा, हनुवटी छातीला लावा."
कुणी करायचं नाही. घाबरून ताठ व्हायच्या.
मग कुमरे सिस्टर समोर येऊन खांदे धरायच्या,
गोंडीत काहीतरी बोलायच्या, आणि पाठ
आपोआप वळायची, दोन मणक्यांमधली वाट उघडायची.
काय म्हणता हो तुम्ही, मी विचारलं.
"काही नाई. मोहफुलं येचाले वाकते ना, तशी वाक म्हणलं."

हे कुठे लिहू?
रकाने असे आहेत: पाहिले, मदत केली,
देखरेखीखाली केले, स्वतंत्रपणे केले.
शेवटी पर्यवेक्षकाची सही.

स्पायनल: चाळीस.
किमान तीस हवे होते. छान आहे.
एक्केचाळिसावं
कोरचीकडून आलेल्या बाईचं, पहाटे तीनचं.
पाणी स्वच्छ आलं, औषध गेलं, मी घड्याळ लावलं.
चिमटा घेतला. ती म्हणाली, दुखते.
मी म्हटलं, नाही, नुसता हात लागतोय.
जांभुळकर सर हातमोजे घालून उभे,
बाळाचे ठोके नव्वदवर,
आणि मी पुन्हा म्हटलं, नुसता हात लागतोय.
"मॅडम," कुमरे सिस्टर हळूच म्हणाल्या,
"तिले दुखूनच राह्यलं."

मग पूर्ण भूल. नळी दुसऱ्या खेपेला गेली.
बाळ रडलं, जरा वेळानं.
सातव्या दिवशी बाई चालत अँब्युलन्सपर्यंत गेली,
माझ्याकडे वळून पाहिलं नाही. का पाहावं?

प्रीतम फोनवर म्हणतो,
जीए म्हणून लिही, एक जीए वाढेल, उलट बरंच.
खोटंही नाही ते.
थिसिसचे केसेस झाले का, पोस्टरचं सर्टिफिकेट जोड,
अंगठ्याची हजेरी चौऱ्याऐंशी टक्के दाखवतेय ती दुरुस्त करून घे,
आणि शेवटच्या पानावर काहीतरी बरं लिही,
ते पान सगळे वाचतात.

शेवटचं पान: या वर्षात तुमच्यात काय बदल झाला?
पाच ओळी.
पहिल्या ओळीत मी लिहिलं होतं, आत्मविश्वास वाढला.
खोडलंय. खोडल्याचं दिसतंय, दिसू दे.
खाली लिहिलं:
बाई दुखते म्हणाली तर दुखते.
तीन ओळी उरल्या, त्यांत काही सुचत नाही.

ऑनलाइन भरायचं तर रेंज फक्त
पाण्याच्या टाकीच्या सहाव्या पायरीवर.
टॉर्च घेऊन चढले, आधी पायरीवर साप नाही ना बघून.
स्पायनल: एक्केचाळीस. त्यात फसलेले: एक.
"फसलेले" असा रकाना नाही,
शेऱ्यात टाकलं.
पर्यवेक्षक?
क. सि. इतकंच टाइप केलं. यादीत असं नाव नाही,
असं लाल अक्षरांत आलं.

गोल फिरत राहिलं.
खाली ओटीचा दिवा लागला,
जनरेटर खोकत सुरू झाला,
आणि कुमरे सिस्टर अंगणातून हाका मारू लागल्या,
मॅडम कुठी गेल्या म्हणून.