उलटा हात

सोहारच्या सनाईयात उन्हाळ्याच्या दुपारी
लोखंडाला हात लावायचा नसतो.
म्हणून आम्ही ट्रेलर रात्री आठनंतर घेतला.
घेतला म्हणजे त्याच्याखाली आडवे झालो.

पाचव्या आडपट्टीजवळ चासीला तडा,
वीतभर लांब, केसाएवढा जाड.
खल्फाननं डिझेल पुसून, वर खडू घासून
आधीच दाखवून ठेवलेला.
आणि तड्याच्या नेमक्या मागून, चॅनलच्या पोटातून,
सात वायरींची जुडी गेलेली:
पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजवी, लाल ब्रेकची,
बाकीच्यांचे रंग धुळीनं कधीच खाल्लेले.

हुर्झुक वेल्डर. मी वायरमन.
हा जाळतो, तू वाचवतोस,
असं मुकादम हसत म्हणतो.
हुर्झुकला ते आवडत नाही.
मी जोडतो, म्हणतो.

बॅटरीचं टोक सोडलं.
ब्रेकच्या पेटीचा प्लग काढून
त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली.
अर्थचा चिमटा सवयीनं मागच्या ॲक्सलला लागला होता,
तो काढून तड्यापासून हातभर अंतरावर आणला,
रंग खरवडून उघड्या लोखंडावर चावू दिला.
करंटला घरी जायची जवळची वाट द्यावी.
नाही तर तो दिसेल त्या बेअरिंगमधून, वायरीतून जातो,
आणि गेल्यावर तिथे काही शिल्लक ठेवत नाही.

क्लिपा सहा. चार निघाल्या,
दोन गंजून चॅनलशी एकजीव झालेल्या.
जुडी दोन बोटं सरकली, त्यापुढे नाही.
त्या दोन बोटांत
जुन्या एसीच्या डक्टचा पत्रा,
त्यामागे काचेच्या धाग्याचं कापड,
त्यामागे ओलं गोणपाट.
ओलं म्हणजे पिळलेलं, गळणारं नव्हे.
पाणी तड्यात उतरलं तर जोड आतून फुटतो,
आणि ते महिन्याभरानं कळतं,
भर रस्त्यात.

हुर्झुक एक इंच चालतो. थांबतो.
काच वर करून माझ्याकडे बघतो.
मी चॅनलमागे हात घालतो, उलटा,
ताप बघतात तसा.
हं म्हटलं तर पुढचा इंच,
तोही शेजारी नाही, पार दुसऱ्या टोकाला.
नाही म्हटलं तर तो तसाच उकिडवा,
मी तसाच उताणा.

बाहेर खल्फान गाडीत एसी लावून बसलेला.
पहाटे माल बंदरावर पोचवायचा.
दोनदा हॉर्न वाजला.
लोखंड हॉर्नला निवत नाही.

चौथ्या इंचाला वास आला.
वास धुराच्या आधी येतो,
गोडसर, होळीत पडलेल्या खेळण्यासारखा.
"बस!"
अंधारात पायाखाली काही वळवळावं
तसा हुर्झुकनं हात उचलला.

पत्रा बोटभर सरकलेला.
एका वायरीची साल फुगलेली, तांबं अजून झाकलेलं.
किती आत गेलंय बघायला मी जुडी उकलली
आणि तिथे एक जुना जोड निघाला.
कुणाचा, कधीचा, माहीत नाही.
तारा नीट पिळलेल्या, डाग चकचकीत,
वर टेप,
आणि टेपचं शेवटचं टोक पेराएवढं दुमडून ठेवलेलं.
म्हणजे पुढे कधी कुणाला उघडायची वेळ आली
तर नखानं कड शोधत बसायला नको.

कपाळावरचा टॉर्च मी जरा जास्तच वेळ तिथे धरला.
हुर्झुक वाकून बघून म्हणाला, "जाणता होता."
मग इलेक्ट्रोड बदलला.
मी पत्रा तारेनं बांधला,
गोणपाट पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं.

दोन वाजता मी ड्रायव्हरच्या जागेवर
आणि तो मागे अंधारात उभा.
डावा? आहे.
उजवा? आहे.
ब्रेक? आहे.
मागचा उजवा दिवा?
नाही.

पोटात खड्डा पडला. उतरलो, धावलो, काच उघडली.
बल्बच गेलेला. आतून काळा, कित्येक दिवसांचा.
आमच्या कामाशी त्याचा काही संबंध नव्हता.
बिलातही तो बसत नव्हता.

खिशात एक होता. लावला.