कल्लाप्पी

जहाजाचं खरं नाव कॅलिओपी.
भरमूआजा कल्लाप्पी म्हणायचा.
आमच्या खानापुरात दर तिसऱ्या घरात एक कल्लाप्पा,
कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क, सहा दिवस.
चार तास भट्टीपुढं, आठ तास फळीवर,
पुन्हा चार तास.
कौलांच्या भट्टीवर वाढलेला माणूस,
जाळाचा रंग बघून सांगायचा, अजून दोन फावडी,
साहेबाचा काटा हलायच्या आधी.

"आजा, समुद्र कसा असतोय गा?"
"गरम," म्हणायचा
आणि विडी पेटवायचा.

वरची माणसं त्यानं पाहिलीच नाहीत.
ती पाहिली कायतान फुर्तादनं.
आमच्याच चर्चगल्लीतला, बशा धुवायला होता,
दाराच्या वाटोळ्या काचेतून बघायचा.
मोत्यांची माळ सुपात पडली
तर पुसून पुन्हा गळ्यात घालणारी म्हातारी.
बायकोला बोट लागलेली
म्हणून एकटाच नाचणारा नवरदेव.
आणि एक गृहस्थ, रोज रात्री विचारायचा,
"आपण अर्ध्यावर आलो का?"

कायताननं एकदा जेवणाचा कागद आणून दिला, सोनेरी काठाचा.
वाचता येईना, तरी भरमूआजानं तो जपला,
गावी आल्यावर मास्तरांनी पारावर वाचून दाखवला.
"कासवाचं सूप."
मागनं कोणतरी म्हणालं, "अवताराचं?"
मास्तर पुढं वाचेनात.

तोराब सिल्हेटचा.
पाणी, आग, बस,
एवढ्या तीन शब्दांवर दोघांनी चार वर्षं काढली.
पाचव्या वर्षी तो फावड्यावर वाकला
आणि सरळ झालाच नाही.
पहाटे कापडात शिवून, पायाशी लोखंड बांधून
मागच्या कठड्यावरनं सोडला.
भरमूआजाला पाव तासाची रजा मिळाली.
"पाणी काळं हुतं," म्हणायचा. "आणि लई हुतं."

जहाज थांबलं नाही.
बुधवारी सकाळी न्यूयॉर्क गाठायचं होतं,
वरनं हुकूम होता, वेग कमी करायचा नाही.
आता वेग म्हणजे कोण?
हे तो कधी बोलला नाही, हे मी म्हणतोय.
तो एवढंच सांगायचा,
खाली गेलो, तोराबच्या भट्टीत पण मीच कोळसा घातला.
त्या रात्री म्हणे त्या गृहस्थाला उत्तर मिळालं,
"हो साहेब, अर्धं झालं."

सत्तावीस साली कल्लाप्पी तेलावर गेली.
तेलाला फावडं लागत नाही.
एकशेऐंशी माणसं एका सकाळीत किनाऱ्यावर.
पुण्यात गाडी बदलून भरमूआजा खानापूर टेशनात उतरला
तेव्हा पेटीत तो कागद, एक चांदीचा चमचा
(कसा आला, विचारायचं नाही)
आणि तोराबचा गळपट्टा.
गळपट्टा कुणाला द्यायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.
चमचा अजून आमच्या मिठाच्या बरणीत आहे.
दुसऱ्या दिवशी तो कौलांच्या भट्टीवर कामाला.

गेल्या महिन्यात आम्ही छपरावर पत्रे घातले.
कौलं उतरवताना रत्नोबा वरनं ओरडला,
"खालच्या अंगाला कायतर काढलंय बघा!"
ओल्या मातीत नखानं ओढलेलं:
चार धुराडी, धूर मागं वळलेला,
आणि खाली पार पोटात एक चौकट,
चौकटीत दोन माणसं, दोन फावडी.
वरच्या मजल्यांवर कोणीच नाही.

अशी किती असतील कोण जाणे
नंदगडात, बिडीत, जांबोटीत, बेळगावच्या कॅम्पात,
चित्राचं अंग झोपलेल्यांकडं करून.

रत्नोबा म्हणाला, "जहाज हाय खरं, पण पाणी कुठाय?"
मी कौल उलटं केलं.
काळं शेवाळ,
आणि नव्वद वर्षांच्या पागोळ्यांनी
पाडलेली पन्हळ.