घडी

हेल्दुर निवृत्त झाला तेव्हा त्यानं मला
किल्ल्यांचा जुडगा दिला, थर्मास दिला,
आणि एक फाइल.
एकच. अकरा हजार चारशे ओळींची.
व्होरू गावातल्या घराघरांत हिवाळाभर फिरणारं गरम पाणी
तिच्यातून वाहत होतं.

मी वाचायला बसले.
पहिल्या दिवशी चारशे ओळी,
दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चारशे.
कंस उघडायचा तो तीन पडदे खाली जाऊन मिटायचा,
तोवर उघडला कशाला होता तेच विसरायला व्हायचं.
चलांची नावं प१, प२, पप,
आणि एके ठिकाणी त्याच्या कुत्रीचं.

मग माझ्या वयाचं कुणीही करील ते मी केलं.
तोडलं.
एकशे बेचाळीस फाइली, सात-सात ओळींची फंक्शनं,
नाव वाचलं की पोटातलं कळावं अशी.
रुंद पडद्याच्या डाव्या अंगाला फाइलींचं झाड,
शब्द निळे, जांभळे, शेवाळी,
आणि नावावर बोट ठेवलं की एडिटर
क्षणात त्याच्या मूळ गावी नेऊन सोडायचा.
वाचणं असं उरलंच नव्हतं. उड्या होत्या.
नवी आलेली काइरित म्हणाली, किती स्वच्छ!
त्या आठवड्यात मी दोनदा केक खाल्ला.

जानेवारी. उणे सव्वीस. रात्रीचे पावणेतीन.
शाळेकडच्या नळाचा दाब पडला.
लॅपटॉप गारठून मेलेला,
बॉयलरघरात जुनं टर्मिनल तेवढं जिवंत:
ऐंशी रकाने, चोवीस ओळी, सगळं हिरवं.
झाड नाही. रंग नाहीत. उडी नाही.
मी दाबाची फाइल उघडली. सात ओळी.
त्या म्हणाल्या, झडपेला विचारा.
झडपेनं वेळापत्रकाकडे बोट दाखवलं,
वेळापत्रक म्हणालं, आधी सेटिंगचं बघून या.
कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर धाडावं तसं.
मी फाइलींची नावं
बॉलपेननं हातमोज्यावर लिहीत फिरले.
अंगठाही भरला.

हेल्दुरला फोन केला.
"जुनी पुसलीस?"
पुसली नव्हती. अडगळीत टाकली होती.
"उघड. जागोजागी तीन-तीन महिरपी कंस आहेत ना?"
ते मला कचरा वाटले होते.
त्यानं दोन कळा सांगितल्या. मी दाबल्या.

अकरा हजार ओळी मिटल्या.
घडीवर घडी बसत गेली
आणि पडद्यावर उरल्या एकोणीस:
पाणी येतं.
पाणी तापतं.
पाणी जातं.
पाणी परत येतं.
पाणी परत आलं नाही तर.
अशा.

म्हणजे हे असं वाचायचं होतं.
त्याच्या एडिटरात ही फाइल कायम घडी घातलेली असायची,
माझ्यात मी ती दांडीवर उलगडून टाकली
आणि म्हटलं, केवढा पसारा.

शेवटची घडी मोडली.
एकशे दहा ओळी, वरून खाली, पाण्याच्याच वाटेनं:
आधी परतीचं तापमान वाच,
मग झडप मिट.
चूक माझी होती. दोन फाइलींच्या मधल्या फटीत पडलेली.
'आधी' आणि 'मग' यांना
माझ्या झाडात फांदीच नव्हती.

एप्रिलमध्ये हेल्दुर आला.
माझ्या पडद्यावर एका नावावर टिचकी मारली, पोहोचला,
पोरासारखा हसला, परत आला, पुन्हा गेला.
बारा वेळा तरी.
"हे बरंय," म्हणाला. "गुडघे दुखत नाहीत."
मग शोधत राहिला काहीतरी.
"नुकी कुठेय?"

नुकीचं नाव मी बदललं होतं: परतीचंतापमान.
काय चुकलं त्यात? नेमकं आहे, लांब आहे, कुणालाही कळेल.
तो म्हणाला, ती रानात गेली की यायची,
पण नेहमी उशिरा.

नाव मी तसंच ठेवलंय.
त्याच्या डोक्यावर फक्त एक ओळ, करड्या रंगात:
ही नुकी. उशिरा येते. थांबा.