चादरीवरची घडी

पडदा म्हणजे आमच्या डबलबेडची चादर.
शफीकुलने खालच्या काठाला नेफा शिवून दिला,
त्यात मी पाण्याच्या पाइपाचा तुकडा सरकवला.
तरी मधोमध एक घडी राहिलीच,
इस्त्रीला न जुमानणारी,
दर माणसाच्या नाकावरून जाणारी.

कसं सुरू झालं?
नवऱ्याची रात्रपाळी, मी मागच्या पायरीवर
लॅपटॉप मांडीत घेऊन काहीतरी बघत होते.
कुंपणापलीकडून कुणी म्हणालं,
ताई, आवाज जरा वाढवा ना.

सोहारला ऑक्टोबर सरेपर्यंत
अंगणात बसायचं नाव काढू नये.
नोव्हेंबरात वारा समुद्रावरून येतो,
थोडा मासळीचा, थोडा भट्टीचा.
प्रोजेक्टरच्या काचेवर दव धरतं.
मारिसेल कापूस घेऊन शेजारीच बसते
आणि तापकऱ्याचं कपाळ पुसावं
तशी काच पुसते.

खमीसने विचारलं होतं, किती माणसं?
मी म्हटलं, वीस. आली एकेचाळीस.
गोंगाट?
तुमच्या एसीच्या कॉम्प्रेसरहून कमी.
घरमालक हसला की भाडं वाढतं, हा माझा अनुभव.
या खेपेला त्यानं खुर्च्या धाडल्या,
सबलातल्या, मयताच्या बैठकीला मांडतात त्या,
पाठीवर अरबीत त्याच्या घराण्याचं नाव.
म्हणजे त्या रात्री आम्ही सगळे,
तेलुगू, बंगाली, इस्लामपूरकडचे दोघे,
पाठीमागून बलुशी.

आधी गोपीनाथनने रंगाच्या डब्यांवर ठेका धरला.
एका पोरीनं कविता म्हटली, निम्मी विसरली,
विसरलेली निम्मी जास्त आवडली लोकांना.
मग एक जुना विनोदी सिनेमा लावला
आणि इशाची अजान झाली.
मी थांबवलं. नायक तोंड उघडं टाकून
चादरीवर तसाच, घडीत अडकलेला.
हसलं कुणी नाही.
भेळेचे कागद तेवढे चुरचुरत राहिले.

शेवटी इब्राहिम मुकादमची फिल्म.
सात मिनिटं. मोबाइलवर काढलेली.
"माझी नाय ती," तो आधीच म्हणाला, "खाटेची हाय."

कॅम्पातली एकच खाट.
दिवसा इब्राहिम निजतो, रात्री धनेश्वर साहू.
दोन वर्षं. गाठ पडायची ती दारात,
एक बूट काढताना, एक घालताना.
फिल्ममध्ये चेहरे नाहीतच.
उशीतला खळगा.
खळग्यावर अंथरलेला टॉवेल.
टॉवेल काढणारा हात, तो दुसराच.
खाट कधी गार पडत नाही.
मागे एसी घुरघुरतो,
फिल्ममधला की आमच्या भिंतीवरचा, कळायला मार्ग नाही.
आणि मग एक रात्र:
खळगा आहे, टॉवेल आहे,
कुणी येत नाही.
दीड मिनिट कुणी येत नाही.

टाळ्या पडल्या नाहीत.
वेल्डर लोक खाली बघत होते, सगळे आपापल्या चपलांकडे.
तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला,
खमीसच्या आईचा. ती कधीची
अंधारात बसून बघत होती.
"तो दुसरा कुठे गेला?"
इब्राहिमने मान वर केली, मोडक्या अरबीत म्हणाला, घरी.
"घरी? अल्हम्दुलिल्ला," म्हातारी म्हणाली
आणि गुडघ्यांवर हात टेकत उठली.

इब्राहिम उभाच राहिला.
सप्टेंबरपासून ही बातमी त्यानं
सुतकासारखी सांभाळली होती.
तिची दुसरी बाजू अशी असेल,
घरी, अल्हम्दुलिल्ला,
हे त्याला पहिल्यांदाच दिसत असावं.
मग तो हसला, फार विचित्र, ओला,
आणि खुर्च्या एकात एक घालायला लागला.

खुर्च्या मोजल्या, एक कमी भरली.
(ती मारिसेलच्या खाली होती. ती झोपली होती.)

चादर सोडवली तेव्हा दीड वाजला होता.
दमट, भेळेच्या वासाची.
धुवायला टाकावी असं मनात आलं,
पण दुसरी चादर वाळली नव्हती.
तीच अंथरली. घडी बरोब्बर मध्यावर.
अलीकडे मी, सातच्या बसची शाळेतली बाई.
पलीकडची बाजू
हात फिरवून जरा सारखी केली.
साडेपाचला बूट वाजतील.