दक्षिणेकडची खूण

पहाटे चारला निघावं लागतं,
दहानंतर फिनिक्समध्ये पहारसुद्धा हातात धरवत नाही.
ट्रकच्या खिडकीतून रोसेंदो बुस्तामांते थुंकतो,
म्हणतो, आज सात जणांना हलवायचंय.
जण म्हणतो तो. झाडं नाही.

सग्वारो. निवडुंगांतला थोरला.
पहिल्या दहा वर्षांत जेमतेम बोटभर.
माणसाची साठीत बुद्धी नाठी,
याला साठी उलटल्यावर कुठे पहिला हात फुटतो.
कायद्याने याला असंच तोडता येत नाही:
चिठ्ठी बांधायची, नंबर द्यायचा,
घरं उगवणार तिथून उचलायचं
आणि घरं उगवून झालीत तिथे लावायचं,
बँकेच्या दारात,
दातांच्या दवाखान्यासमोर.

पण उचलण्याआधी
दक्षिणेच्या अंगाला रंगाचा एक ठिपका.
नव्या खड्ड्यातही तीच बाजू दक्षिणेला.
ज्या कातडीने शंभर वर्षं ऊन खाल्लं
तिनेच पुढचंही खायचं.
सावलीतली बाजू उन्हात आली तर भाजते
आणि झाड मरतं,
पण लगेच नाही.
चार-पाच वर्षं हिरवंगार उभं राहतं,
कुणाला कळू देत नाही.

मी टोलीडोचा. आमचा काचेचा कारखाना बंद पडला
आणि हवामानाच्या बातमीत हे शहर दिसलं,
जानेवारीत अर्ध्या चड्डीतली माणसं.
इथे रोज कुणी ना कुणी ट्रेलर जोडून येतं.
वसाहतींना नाव मिळतं
जे तिथून उठवलं त्याचं: कोयोटी रन, क्वेल क्रीक.
मार्चमध्ये बेसबॉल बघायला निम्मा देश उतरतो,
महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रूझवेल्टच्या रस्त्यावर
भिंती रंगवलेल्या, गर्दी, बेकन गुंडाळलेले हॉटडॉग,
हॉटेलांच्या छपरांतून गिऱ्हाइकांवर पाण्याची वाफ.
वाळवंटात, हो. फुकट.

रोसेंदोची भाची येसेनिया चिपच्या कारखान्यात.
डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, नुसते डोळे उघडे.
धुळीचा एक कण म्हणजे तिथे अपघात.
मामा संध्याकाळी तिला घ्यायला जातो
तेव्हा ती आधी सीटवर टॉवेल अंथरते.
दोघं हसतात.
तिचा पगार त्याच्या दुप्पट, हे तोच सांगतो,
दोनदा.

जूनमध्ये व्हर्ना अँटोन येते, ओ'ओडमांपैकी.
चिठ्ठ्या बांधलेल्यांची फळं मागायला,
मेलेल्या सग्वारोच्याच फासळ्या जोडून केलेली लांब काठी घेऊन.
फळ फुटतं, आत लालभडक.
ती म्हणते, आमच्यात ही माणसंच.
तोडू नका म्हणत नाही, रडत नाही,
बादली भरते.
खाली कालवा वाहतो. हजार वर्षांपूर्वी
कुणीतरी काठ्यांनी खणलेल्या रेघेवरूनच
हल्लीच्या इंजिनिअरांनी नेलेला.
ती माणसं का गेली, नक्की कुणाला ठाऊक नाही.
व्हर्ना म्हणते, गेली कुठे? बादली धर.

मग रोसेंदोला विचारते,
तुला कुठून उचललं?
एर्मोसियो. नऊ वर्षांचा होतो.
खूण केली होती का कुणी?
तो मानेमागून हात फिरवतो,
जिथे कातडी काळी पडून चामड्यासारखी झालीय,
आणि पट्टे आवळायला निघून जातो.

आज सातवा लावला, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये.
एक पोरगा आईचा हात सोडून आला,
खरा आहे का म्हणाला,
बोट लावलं, किंचाळला. खरा होता.
क्रेनला लटकलेला तो साडेतीन टनांचा म्हातारा
हात वर करून हळूहळू फिरत होता,
रोसेंदो फोनातलं होकायंत्र धरून भोवती चालत होता,
डावीकडे. अजून. थोडं अजून.
मी दोर धरून उभा,
माझं तोंड कुठल्या दिशेला आहे
ते माझ्या लक्षात नव्हतं.