अधिक-उणे

एडिंबरा. ब्लॅकफर्ड टेकडीच्या पोटातलं तळघर.
ताटाळ्यात ताटं लावावीत तशा उभ्या काचा,
एकेकीवर हातभर आकाश,
उलटं: रात्र पांढरी, तारे काळे.
निळा ताराही काळाच.
निळेपण कळतं दोन काचा शेजारी ठेवल्यावर.
निळा उजेड टिपणारीवर ठिपका टपोरा,
तांबडा टिपणारीवर मोहरीएवढा.

आकाशगंगेच्या पट्ट्यापासून इतक्या वर
निळ्यांचं खरं तर काम नाही.
ते उधळे. वायूच्या दाटीत जन्मतात,
तिथंच भराभरा संपतात.
मग हा इथं ओसाडीत काय करतो?
एक तर अगदी जवळची पणती, विझत आलेली,
नाहीतर फार लांबचा वणवा.
काचेवर दोघांची खूण एकच.
दिसतं तसं नसतं
ही आमच्या धंद्यात म्हण नाही,
पहिलं समीकरण आहे.

म्हणून वर्णपट. हायड्रोजनच्या रेषा
रुंद, फिसकटलेल्या असल्या
तर तारा ठेंगू, स्वतःच्याच वजनानं आवळलेला.
बारीक, रेखीव असल्या तर ऐसपैस, दूरचा.
माझ्याच्या मधल्याच निघाल्या.

चौऱ्याहत्तरच्या काचेच्या कडेला
शाईचा बाण, पुढे प्रश्नचिन्ह.
अक्षर इशबेल टलॉकचं.
ती आता पोर्टोबेलोला राहते, समुद्रासमोर.
मोतीबिंदू काढून महिना झाला.
"समुद्र एवढा निळा होता?" म्हणाली,
"मी तर राखाडीच धरून चालले होते."
मग दुधाचं भांडं हातात तसंच:
"पिवळ्या डोळ्यांनी मोजलेलं माझं सगळं
आता काय धरायचं?"
म्हटलं, तेव्हा तरुण होतीस. आणि काचा काळ्या-पांढऱ्या.
"हो की," म्हणाली. हसली नाही.

मी कागद पुढे केला.
ताऱ्याचा अंगचा उजेड, निरपेक्ष प्रत:
चार. अधिक-उणे दीड.
"दीडात काय मावतं?"
अंतर दुप्पट. किंवा निम्मं.
"म्हणजे मी प्रश्नचिन्ह काढलं
आणि तू दीड लिहिलंस.
पन्नास वर्षांत बरीच मजल मारलीत."

चहा निवत होता.
ती उठून खिडकीशी गेली,
तळहातानं एक डोळा झाकला,
बराच वेळ पाहिलं. मग दुसरा झाकला.
दुसऱ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे.